ग्रंथालयांचे विलीनीकरण : आधी पैशांचे बोलावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या दुरवस्थेची चर्चा निघाली की एक सूचना हमखास पुढे येते. शहरांतील आणि तालुक्यांतील ग्रंथालयांना एकेकट्याने तग धरता येत नसेल, तर ती जिल्हा पातळीवरच्या एकाच व्यवस्थेत सामावून घ्यावीत, अशी ती सूचना असते आणि तिच्या समर्थनार्थ बहुतेक वेळा अमेरिकेचा दाखला दिला जातो. मी अनेक वर्षे मिनेसोटा राज्यातील हेनेपिन काउंटीत, मिनिआपोलिस शहराला लागून असलेल्या एका उपनगरात राहतो. १ जानेवारी २००८ रोजी मिनिआपोलिसचे शतकभराहून जुने शहर ग्रंथालय हेनेपिन काउंटी ग्रंथालयात विलीन झाले, तेव्हा मी त्या काउंटीचा करदाता होतो आणि दोन्ही ग्रंथालयांचा वाचकही होतो. या विलीनीकरणाने बरेच काही साधले, हे मी मनापासून मान्य करतो. मात्र ते कशाच्या बळावर साधले, हे आपल्याकडे दाखला देणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच येते, म्हणून हे पत्र.

प्रथम काउंटीविषयी. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण हेनेपिन काउंटीचा कारभार कोणी जिल्हाधिकारी पाहत नाही. थेट लोकांनी निवडलेले सात आयुक्त तो पाहतात आणि मालमत्ता कर आकारण्याचा अधिकार या मंडळाला आहे. माझ्या घराच्या कराच्या वार्षिक पत्रकात शाळा, शहर, काउंटी असे वेगवेगळे हिस्से दाखवलेले असतात, त्यामुळे आपला पैसा कोणत्या दाराने जातो हे सामान्य माणसालाही कळते. विलीनीकरणापूर्वी काउंटीचा ग्रंथालय कर मिनिआपोलिस वगळून उरलेल्या भागातून, म्हणजे आम्हा उपनगरवासीयांकडून, घेतला जात असे. शहरातले लोक आपल्या ग्रंथालयाचा भार शहराच्या करातून उचलत. एकाच काउंटीत अशा दोन तिजोऱ्या होत्या आणि पुढचा सगळा प्रश्न या दोन तिजोऱ्यांचा होता.

मिनिआपोलिसचे ग्रंथालय मंडळ १८८५ मध्ये स्थापन झाले आणि १८८९ मध्ये ग्रंथालय वाचकांसाठी उघडले. लाकडाच्या व्यापारात गडगंज झालेले टी. बी. वॉकर हे त्यामागचे प्रमुख गृहस्थ. पहिले ग्रंथपाल हर्बर्ट पुटनम पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे, प्रमुख झाले, यावरून संस्थेचा सुरुवातीचा दर्जा लक्षात यावा. १९०४ पासून १९३६ पर्यंत ग्रेशिया कंट्रीमन या बाईंनी ती चालवली. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसतील तर ग्रंथालयाने त्यांच्यापर्यंत जावे, या हट्टाने त्यांनी वस्त्यांमध्ये शाखा काढल्या. १९२२ मध्ये ग्रामीण भागासाठी काउंटी ग्रंथालय सुरू झाले, तेसुद्धा कंट्रीमनबाईंच्याच देखरेखीखाली आणि शहर ग्रंथालयाच्याच आश्रयाने. पुढे उपनगरे वाढली, त्यांच्या हाती पैसा आला आणि काउंटीचे ग्रंथालय स्वतंत्र संसार मांडून मोठे झाले. २००८ मध्ये शहर काउंटीत गेले असे म्हणताना हा मागचा इतिहास ठाऊक असावा, कारण त्या चर्चेत जुन्याजाणत्या शहरवासीयांच्या स्वरात जो दुखावलेपणा होता, तो त्यातून आला होता. धाकट्याच्या घरी राहायला जाण्याची वेळ थोरल्यावर आली होती.

ही वेळ का आली, ते सांगतो. नोव्हेंबर २००० मध्ये मिनिआपोलिसच्या मतदारांनी १४ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. त्यातले ११ कोटी नव्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी आणि ३ कोटी वस्त्यांमधल्या शाखांच्या सुधारणांसाठी होते. १९६१ ची जुनी मध्यवर्ती इमारत पाडली गेली, ग्रंथालय काही वर्षे दुसऱ्या इमारतीत तात्पुरते थाटले गेले आणि सेझार पेली या नामवंत वास्तुविशारदाने आखलेली काचेची देखणी वास्तू मे २००६ मध्ये खुली झाली. तिच्या छतावर हिरवळ आहे आणि आत शिरल्यावर मजल्यामजल्यावरची पुस्तके एका नजरेत दिसतात. डाउनटाउनमध्ये बसची वाट पाहणारी माणसे थंडीच्या दिवसांत आत येऊन बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. इमारतीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

इमारत रोख्यांतून उभी राहते. ग्रंथपालाचा पगार, वीज, नवी पुस्तके आणि रविवारची पाळी मात्र दर वर्षीच्या अंदाजपत्रकातून भागवावी लागते. आणि २००३ मध्ये, इमारतीचे काम चालू असतानाच, राज्याच्या तिजोरीत मोठी तूट आली आणि मिनेसोटा सरकारने शहरांना देत असलेल्या साहाय्याला कात्री लावली. या साहाय्याचा एक वाटा ग्रंथालयाला मिळत असे. ग्रंथालय मंडळ निवडून आलेले असले, तरी कराची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार शहरातल्या एका वेगळ्या मंडळाकडे होता, त्यामुळे पडलेले भगदाड मनाप्रमाणे कर वाढवून बुजवणे त्यांना शक्य नव्हते. कर्मचारी कमी झाले, शाखांचे तास घटले. नवी वास्तू उघडली त्याच वर्षाच्या अखेरीस रूझवेल्ट, साउथईस्ट आणि वेबर पार्क या तीन शाखांना कुलूप लागले. ज्या मतदारांनी शाखांच्या सुधारणेसाठी रोख्यांना मत दिले होते, त्यांच्याच शाखा बंद झाल्या. बंद शाखांपैकी एकीच्या दारावर जवळच्या चालू शाखेचा पत्ता छापलेला कागद चिकटवलेला मी पाहिला होता. ‘जवळची’ ती शाखा मोटार असलेल्याला जवळ होती. दुपारी शाळा सुटल्यावर पायी येणाऱ्या मुलांचे काय, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

या टप्प्यावर विलीनीकरणाचा विषय गंभीरपणे पुढे आला. आपल्याकडच्या चर्चेत विलीनीकरणाचे पहिले कारण म्हणून ‘सगळ्यांना सगळी पुस्तके मिळतील’ असे सांगितले जाते. मिनिआपोलिसमध्ये हे कारण लागूच नव्हते. सेंट पॉल आणि मिनिआपोलिस या जुळ्या शहरांभोवतालच्या सात काउंट्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांनी १९६९ मध्येच ‘मेल्सा’ नावाची एक सहकारी संस्था स्थापन केली होती आणि तिच्यामुळे एका ग्रंथालयाच्या कार्डावर दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक घेता येत होते. मी स्वतः काउंटीचे कार्ड घेऊन शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तके आणत असे. त्यासाठी कोणाचे मंडळ बरखास्त करावे लागले नव्हते, कोणाची मालमत्ता कोणाच्या नावावर चढवावी लागली नव्हती. पुस्तकांची देवाणघेवाण विलीनीकरणाशिवाय होते, आणि चांगली होते, हे त्या भागात चार दशके सिद्ध झालेले होते.

कमी होती ती कर भरणाऱ्यांची संख्या. काउंटीच्या तेव्हाच्या सुमारे साडेअकरा लाख लोकसंख्येपैकी पावणेचार-चार लाख लोक शहरात राहत होते. मध्यवर्ती ग्रंथालयाचा दुर्मीळ संग्रह, संदर्भ विभाग, महायुद्धाच्या साहित्याचा खास कक्ष यांचा वापर सगळ्या काउंटीतले, किंबहुना सगळ्या राज्यातले लोक करत. त्यांचा खर्च मात्र या एक तृतीयांश लोकांवर पडत होता. विलीनीकरण म्हणजे हा खर्च काउंटीभरच्या मालमत्ता करावर पसरवणे, इतका तो व्यवहार सरळ होता. चर्चेच्या काळात त्याला ग्रंथसंस्कृतीची बरीच गोड वेष्टने चढवली गेली, ते वेगळे.

साहजिकच आमच्या उपनगरांत कुरकुर सुरू झाली. शहराने आपल्या ऐपतीबाहेर जाऊन महाल बांधला आणि आता त्याच्या दिवाबत्तीचा खर्च आमच्या माथी मारला जातो आहे, असे उघड बोलले जाई. या कुरकुरीला नुसते कद्रूपणा म्हणून उडवून लावणे मला तेव्हाही पटले नव्हते. काउंटीचे ग्रंथालय काही दुय्यम दर्जाचे नव्हते. सॅनफर्ड बर्मन नावाचे एक तिरपागडे आणि थोर तालिकाकार, म्हणजे ग्रंथांची विषयवार सूची करणारे ग्रंथपाल, १९७३ पासून १९९९ पर्यंत तिथे होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ठरवलेले विषयांचे मथळे जुनाट किंवा एखाद्या समाजाचा अवमान करणारे वाटले, तर ते बेधडक बदलून वाचकाच्या तोंडी असलेले शब्द तालिकेत घालत आणि त्यासाठी वॉशिंग्टनशी पत्रांची लढाई लढत. ग्रंथालयशास्त्राच्या जगात हेनेपिनचे नाव त्यांच्यामुळे झाले. अशा संस्थेच्या वाचकांनी ‘आमचे नीट चाललेले आहे, मग आम्ही का वाटून घ्यावे’ असे विचारले तर त्यात नवल नव्हते.

या प्रश्नाला मिळालेले उत्तर मात्र नमुनेदार होते, आणि विलीनीकरण टिकले ते त्या उत्तरामुळे, असे माझे मत आहे. ते उत्तर भाषणात नव्हते, करारात होते. २००० च्या रोख्यांची परतफेड शहरातल्या मालमत्ताधारकांनीच करत राहायची, उपनगरांवर तो बोजा टाकायचा नाही, असे ठरले. रोख्यांतला न खर्चलेला पैसा शहरातल्या शाखांच्या कामांसाठीच वापरायचा होता. सुरुवातीची काही वर्षे शहरानेही चालू खर्चात वाटा उचलायचा होता, म्हणजे काउंटीच्या करावर एकदम ताण येणार नव्हता. इमारती कोणाच्या, कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता कशी धरायची, निवृत्तिवेतनाची जबाबदारी कोणाची, हे सगळे आधी कागदावर उतरले. ग्रंथालय मंडळ, शहराची परिषद आणि काउंटी मंडळ या तिघांनी मान्यता दिली, राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये आवश्यक तो कायदा केला आणि त्यानंतरच, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, दोन ग्रंथालयांचे एक झाले. एका रात्रीत एकेचाळीस शाखांची व्यवस्था उभी राहिली असे आज सांगितले जाते; त्या रात्रीमागे कित्येक महिन्यांची हिशेबाची कामे होती.

परिणाम चांगले झाले. बंद पडलेल्या तिन्ही शाखा पुन्हा उघडल्या. पुढच्या काळात शाखांचे तास वाढले. ऊर्जाटंचाईच्या काळात जमिनीखाली बांधलेली वॉकर शाखा पाडून २०१४ मध्ये तिथेच जमिनीवर प्रकाशमान इमारत उभी राहिली. कुलूप लागलेल्या वेबर पार्कला २०१७ मध्ये नवी वास्तू मिळाली. एकटे शहर ग्रंथालय हे करू शकले असते, असे मला वाटत नाही. आमच्या उपनगरातल्या शाखेत आजही अधूनमधून एखादे पुस्तक हाती येते, ज्याच्या आतल्या पानावर मिनिआपोलिस सार्वजनिक ग्रंथालयाचा जुना शिक्का असतो आणि बाहेरच्या बाजूला काउंटीची बारकोडपट्टी. पुस्तकाला या बदलाचा काही त्रास झालेला दिसत नाही.

तरीही काही गमावले गेले, आणि ते लपवणे बरोबर नाही. मिनिआपोलिसच्या ग्रंथालय मंडळाचे बहुतेक सदस्य मतदार थेट निवडून देत. आपल्या वस्तीतली शाखा सायंकाळी सहालाच का बंद होते, असा जाब विचारायचा झाला तर विचारायला एक निश्चित माणूस होता आणि पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता येत होते. विलीनीकरणानंतर ते मंडळ संपले. आता ग्रंथालय मंडळाचे सदस्य काउंटीचे आयुक्त नेमतात आणि खुद्द आयुक्तांपुढे रस्ते, रुग्णालय, तुरुंग, निराधारांचे साहाय्य असे शंभर विषय असतात. ग्रंथालयाच्या तासांवरून आयुक्त निवडणूक हरला, असे घडणे कठीणच. याच शहरात उद्यानांसाठी स्वतंत्र निवडून आलेले मंडळ मात्र आजही आहे. झाडांना आपला प्रतिनिधी उरला, पुस्तकांना उरला नाही. शिवाय इमारतीच्या रोख्यांसाठी शहरातल्या मतदारांचा कौल घेतला गेला होता, तर संस्था हस्तांतरित करण्याचा निर्णय प्रतिनिधींच्या सभांमध्ये झाला. सभा खुल्या होत्या, सुनावण्या झाल्या, हे खरे. पण मतपेटीपर्यंत प्रश्न जायला हवा होता, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते.

विलीनीकरण अटळ असते, असेही नाही. मिसिसिपी नदी ओलांडली की सेंट पॉल शहर लागते. ते रॅमसी काउंटीत आहे, आणि तिथे शहराचे ग्रंथालय वेगळे व काउंटीचे वेगळे, अशीच व्यवस्था अजून चालू आहे. मेल्साच्या सभासदत्वामुळे वाचकांची अडचण होत नाही. त्याच हवामानात, त्याच राज्यात, त्याच कायद्यांखाली दोन शेजारी शहरांनी दोन वाटा धरल्या आणि दोन्हीकडे लोक वाचत आहेत.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याने संचालनालय दिले, जिल्हा पातळीवर अधिकारी दिले, शासकीय जिल्हा ग्रंथालये दिली आणि गावोगावच्या संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. ग्रंथालयासाठी राखीव उपकर मात्र दिला नाही. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश या राज्यांच्या कायद्यांत मालमत्ता कराबरोबर असा उपकर घेण्याची तरतूद आहे. उपकर असला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही. वसूल झालेला उपकर स्थानिक संस्था ग्रंथालय विभागाकडे वेळेवर भरत नाहीत, ही कर्नाटकातली तक्रार जुनी आहे. पण तिथे तक्रार करायला किमान एक ठरलेली रक्कम असते. आपल्या ग्रंथालयाच्या सेवकाचे मानधन मात्र वर्गणीदारांची वर्गणी आणि वर्षाकाठी येणाऱ्या अनुदानाचे हप्ते यांच्या ओढाताणीत भागवावे लागते. अनुदान लांबले की आधी नव्या पुस्तकांची खरेदी थांबते, मग नियतकालिके कमी होतात आणि शेवटी वाचनकक्षाची एक वेळ बंद होते. ग्रंथालयांत काम केलेल्या कोणालाही हा क्रम विचारून पाहावा.

अशा स्थितीत दहा अशक्त ग्रंथालये जिल्ह्याच्या एका व्यवस्थेत घातली तर त्यातून सशक्त जिल्हा ग्रंथालय कसे तयार होईल, हे मला समजत नाही. हेनेपिनमध्ये गरीब झालेली संस्था श्रीमंत कराच्या छायेत गेली. आपल्याकडे जिल्ह्याची ग्रंथालय व्यवस्था स्वतःच त्याच अनुदानावर आणि त्याच रिक्त पदांवर चालते, तेव्हा विलीनीकरणाने टंचाईचा पत्ता तेवढा बदलेल.

मालकीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. मिनिआपोलिसचे ग्रंथालय सरकारी पैशाने चालणारी सार्वजनिक संस्था होती, आणि ती एका सार्वजनिक संस्थेकडून दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडे गेली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ही आणि यांच्यासारखी शेकडो ग्रंथालये नोंदणीकृत संस्थांची आहेत. त्यांच्या जागा देणगीदारांनी दिलेल्या आहेत, दुर्मीळ पोथ्या आणि जुन्या नियतकालिकांच्या फायली सभासदांनी वर्गण्या काढून जपलेल्या आहेत. कित्येक ठिकाणी मुख्य बाजारपेठेतली मोक्याची जागा हीच ग्रंथालयाची एकमेव संपत्ती आहे. जिल्हा व्यवस्थेत गेल्यावर त्या जागेचे काय होणार, देणगीपत्रातल्या अटी कोण पाळणार, जुना संग्रह त्याच गावात राहणार की ‘सुरक्षित जतनासाठी’ जिल्ह्याच्या गोदामात जाणार, हे आधी ठरले नाही, तर विलीनीकरणाची गाडी पुस्तकांऐवजी जागांवर नजर ठेवूनच निघेल, अशी शंका घेणाऱ्याला दोष देता येणार नाही.

ज्याची आज खरोखर गरज आहे आणि जे विलीनीकरणाशिवाय करता येते, ते म्हणजे मेल्सासारखी देवाणघेवाण. एका जिल्ह्यातल्या अ आणि ब वर्गांच्या ग्रंथालयांनी संगणकीकृत तालिका एकत्र करावी, एकमेकांच्या सभासदांना पुस्तक द्यावे, आठवड्यातून एक गाडी तालुक्यांतून फिरवावी आणि तिचा खर्च शासनाने स्वतंत्र शीर्षाखाली द्यावा. यात कोणाचे कार्यकारी मंडळ जात नाही, कोणाची वास्तू जात नाही. अनामत रक्कम, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई, दुर्मीळ ग्रंथ बाहेर न देण्याची मुभा यांचे नियम करावे लागतील. ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि जिल्ह्यातल्या ग्रंथालयांच्या प्रतिनिधींना एकत्र बसून करता येण्याजोगे आहेत.

आणि तरीही शासनाला विलीनीकरणच करायचे असेल, तर माझी विनंती एवढीच आहे की प्रस्तावाचा मसुदा आधी मराठीत प्रसिद्ध करावा, हरकतींसाठी पुरेशी मुदत द्यावी आणि त्यात काही गोष्टी आकड्यांसह लिहाव्यात : ग्रंथालयांसाठी कोणता कर किंवा उपकर राखून ठेवणार आणि तो कोणाच्या खात्यात जमा होणार, सध्याच्या सेवकांची सेवा कोणत्या वेतनश्रेणीत धरणार, संस्थेच्या जागेची आणि संग्रहाची मालकी कोणाकडे राहणार, शाखेचे तास कमी करण्याचा निर्णय कोण घेणार आणि त्याविरुद्ध वाचकाने कोणाकडे दाद मागायची. यांपैकी पहिल्या मुद्द्याचे उत्तर मसुद्यात नसेल, तर ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी पुढची पाने वाचण्याआधी तो परत पाठवावा.

आपला नियमित वाचक,
हेनेपिन काउंटी, मिनेसोटा